एका कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा

५ ऑगस्ट, सोमवार
स्टाफ मीटिंग. प्राचार्यांनी विचारलं, व्हर्च्युअलायझेशन कोणाला येतं? म्हणजे एका कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर चालवायचा. मी हात वर केला. येत नाही, पण येण्यासारखं आहे. सतराला आमच्याच संस्थेच्या धुळ्याच्या कॉलेजात शिक्षकांसाठी वर्कशॉप. घेणार : प्रा. हेमराज नेहेते.
बायको, कामिनी, शिंदखेड्याची. शंका आली की माहेरच्या बोलीत बोलते. तुमले येस का पन ते, म्हणाली. म्हटलं, वेळ भरपूर आहे.

६ ऑगस्ट
संकल्प : रोज एक तास. आज फक्त शिकण्याचं साहित्य शोधलं. पाया पक्का हवा. मॅन्युअल, प्लेलिस्ट, मोफत कोर्स, शिवाय 'नवशिक्यांनी काय वाचावं' यावर लोकांची लांबलचक चर्चा. सगळं एका फोल्डरमध्ये. फोल्डर बघूनच निम्मं काम झाल्यासारखं वाटलं.

८ ऑगस्ट
पहिला व्हिडिओ लावला. शिकवणारा फार सावकाश बोलतो. याहून चांगला शोधण्यात संध्याकाळ गेली. बरेच मिळाले. बघायचे आहेत.

१० ऑगस्ट
सबा मॅडम यंदाच आमच्याकडे लागल्यात, इथेच जळगावात मेहरूणला राहतात. म्हणाल्या, सर, मलाही शिकायचंय, सुरुवात कुठून करू? अख्खं फोल्डर पाठवलं. वर लिहिलं : क्रमाने वाचा, घाई नको. मनापासून आभार मानले त्यांनी. मार्गदर्शन करणं हेही शिकणंच.

१३ ऑगस्ट
सबा मॅडमचं कुठेतरी अडलं. मला प्रश्नच कळला नाही. म्हटलं, स्वतः झगडा, त्याशिवाय कळत नाही. दुपारी त्यांनीच सांगितलं, सुटलं. माझी पद्धत बरोबर आहे.

१६ ऑगस्ट
सॉफ्टवेअर लॅपटॉपवर टाकलं. चालवून पाहिलं नाही. आधी करून ठेवलं की डेमोतला ताजेपणा जातो. स्लाइड्स मात्र सुंदर. कामिनीने शर्टाला इस्त्री केली.

१७ ऑगस्ट, धुळे
स्लाइड्स संपेपर्यंत छान. मग डेमो. बटण दाबलं, एररची चौकट आली. पुन्हा दाबलं, पुन्हा आली. म्हटलं, इथलं नेट स्लो आहे. पुढच्या रांगेतले धनसिंग सर म्हणाले, याला नेट लागतं का? मी पाणी प्यालो.
मागून सबा मॅडम आल्या. हळूच म्हणाल्या, सर, कॉम्प्युटर सुरू होतानाच्या बायोसमधली एक सेटिंग बंद असेल, चालू करू का? लॅपटॉप त्यांच्याकडे सरकवला. थोड्या वेळात स्क्रीनवर कॉम्प्युटरच्या आत कॉम्प्युटर. टाळ्या. धनसिंग सरांनी विचारलं, कुठे शिकलात? म्हणाल्या, नेहेते सरांनी मॅन्युअल पाठवलं होतं, पहिल्याच प्रकरणात आहे. सगळं सरांमुळेच.
पुन्हा टाळ्या. माझ्यासाठी.
टोमणा असता तर बरं झालं असतं. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

१८ ऑगस्ट, रविवार
कालचं राहिलेलं. परतीच्या एसटीत सबा मॅडम शेजारीच. खरं सांगून टाकायचं ठरवलं होतं. पारोळ्यापर्यंत वाक्य जुळवत होतो. जुळलंही होतं. तेवढ्यात त्यांनी विचारलं, सर, त्या फोल्डरमधलं तुम्हाला स्वतःला सगळ्यात जास्त काय उपयोगी पडलं?
मी डोळे मिटले. झोप लागल्याचं सोंग. एरंडोल गेलं, पाळधी गेलं, उघडले नाहीत.
स्टँडवर त्यांनी हलकेच हाक मारली. सर, उठा, जळगाव आलं. माझी लॅपटॉपची बॅग त्यांनी वाटभर मांडीवर धरली होती. घसरत होती, म्हणाल्या, आणि तुम्ही फार दमला होतात.