कर्नलसाहेबांचे शर्ट

प्रिय कर्नलसाहेब,

तुम्हाला जाऊन शंभराहून जास्त वर्षं झाली. मिशिगनमधलं हे गाव सोडलं तर आपल्यात काही नातं नाही. पण काल माझी मुलगी ईरा शाळेतून आली आणि दप्तर खांद्यावरच ठेवून म्हणाली, "आई, डिड यू नो?" म्हणून लिहिते आहे.

तिने वर्गात तुमच्यावर प्रोजेक्ट वाचलं. माहिती लायब्ररीसमोरच्या फलकावरून घेतली. का घेणार नाही? मजकूर आईने लिहिलेला, खाली आईचं नाव. वाचून झालं तशी तिची मैत्रीण मे उठली. मेचे आईवडील चीनमधून आलेले. तुम्ही वॉशिंग्टनला निवडून गेल्यावर केलेलं भाषण तिने फोनवरून वाचलं. आशियातली माणसं कामाला चालतील, नागरिक म्हणून नकोत.

"मला वाटलं, तू चेक केलं असशील," ईरा म्हणाली.

केलं होतं.

गेल्या वर्षी फलकाचा मजकूर लिहायला लायब्ररीने तुमच्या कागदांची खोकी माझ्याकडे दिली. तरुण वकील असताना तुम्ही गुलामीतून पळून आलेल्या माणसासाठी कोर्टात उभे राहिलात आणि त्याला सोडवलंत. यादवी युद्धात उजवा हात गेला. मग डाव्या हाताने अक्षरं गिरवलीत, त्या वह्याही आहेत. चाळिशीतला कर्नल, आणि पानभर वाकडी ए बी सी! मला रडू आलं होतं.

शेवटच्या खोक्यात ते पत्र होतं. गावातल्या चिनी लाँड्रीवाल्याचं. अकरा वर्षं मी तुमचे शर्ट धुतो, उजवी बाही दुमडून शिवतो. मला इथला नागरिक व्हायचं आहे. तुम्हाला कायदा कळतो. मदत कराल का?

मागे तुमचं डाव्या हाताचं अक्षर: उत्तर देऊ नये.

का, कर्नलसाहेब? नंतर ती शिवलेली बाही अंगात घालताना काय वाटायचं?

मी पत्र खोक्यात परत ठेवलं. तुमचं ते भाषणही वाचलं होतं, त्याबद्दलही फलकावर लिहिलं नाही. पुढच्या महिन्यात आमचा नागरिकत्वाचा इंटरव्ह्यू होता. तुमच्याबद्दल तिथे कोणी विचारणार नव्हतं. तरीही. तुमच्याबद्दल काही वाईटही सापडलं आहे, एवढंच शेजारच्या काकूंना सांगितलं; काय ते नाही. त्या म्हणाल्या, "अगं, गेलेल्या माणसाचं वाईट कशाला? आणि आपण कालचे आलेले." मी त्यांचं पहिलं वाक्य स्वतःला सांगत राहिले. ऐकलं होतं दुसरं.

फलकाच्या कार्यक्रमाला आमचं अख्खं मराठी मंडळ आलं होतं. तुमच्या तसबिरीला झेंडूचा हार, पुढे नारळ. काकूंनी काचेवर तुमच्या कपाळी कुंकू लावलं. महापौर वाकून बघत म्हणाले, "ही लढाईतली जखम का?" काकू म्हणाल्या, "नो नो, रिस्पेक्ट!" सगळे हसले. मीही हसले. ज्यांना तुम्ही नागरिक होऊ दिलं नसतं, ती माणसं तुम्हाला ओवाळत होती, आणि तिथे हे फक्त मला माहीत होतं.

तुम्ही एका पत्राला उत्तर दिलं नाहीत. मी ते पत्र दुसऱ्यांदा बंद केलं. तुमचा काळ तरी वेगळा होता असं कोणी म्हणेल. माझ्यासाठी काय म्हणतील?

मंगळवारी लायब्ररीच्या फलक समितीची बैठक आहे. मी सगळं सांगणार आहे, मी काय लपवलं तेही. फलकावर तुमचा खटला राहील, हात राहील. भाषण येईल. ते पत्र येईल. मागची तुमची ओळही. आणि खाली माझं नाव आहे तसंच राहील.

कागदांच्या यादीत त्या पत्रापुढे 'लाँड्रीवाला' एवढंच आहे. ती यादी मीच केली. पत्राखाली मात्र त्याने आपलं नाव दोनदा लिहिलं आहे. एकदा त्याच्या लिपीत, आणि एकदा तुम्हाला वाचता यावं म्हणून तुमच्या. दोन्ही फलकावर कोरून घेईन. त्याच्या लिपीतलं बरोबर उतरलं आहे का, ते मे तपासणार आहे.

उत्तराची वाट न पाहता,
मेधा