साठावरचा काटा

कोल्हापूर, २००६

चि. संगमेश,

दहा वर्षं तू बॉक्सिंगचा लाइटवेट विजेता होतास. रोज सकाळी सोप्यातल्या वजनकाट्यावर उभा राहायचास. काटा तुझ्या गटाच्या साठ किलोंपुढे गेला की त्या दिवशी भाकरी बंद.

तुला जाऊन वर्ष झालं. रिकामं यंत्रही साठच दाखवतं. दुरुस्तीवाला भरमाप्पा म्हणाला, "बाई, दुकानात शून्यावर येतंय की. तुमच्या सोप्यातच न्हाय."

उद्या तुझ्या लेकीची, विद्याश्रीची, बॉक्सिंगची पहिली स्पर्धा. ती काट्यावर चढली, तर आकडा शंभराच्या वर गेला. कालपासून ती जेवलेली नाही. "आज्जी, अप्पांनी हाच काटा मानला की," म्हणते.

तुझी लढत संपली. खाली उतर. पोरीला जेवू दे.

तुझी आई,
शांतादेवी