कुणी न मागितलेला पहारेकरी

३ मार्च
लागली एकदाची नोकरी! दाजींनी शब्द टाकला म्हणून. ते याच कारखान्यात रोबोभोवतीच्या जाळीच्या पिंजऱ्यात दोन-तीन दिवसांनी एकदा शिरून पत्र्याचे तुकडे वेचतात, मी वर काचेच्या खोलीत. ताईने सकाळीच बजावलं, यांचं नाक कापू नकोस. साहेबांनी काम मजेशीर दिलंय. रोबो चालवणारा जावाचा प्रोग्राम सुरू व्हायला चार मिनिटं घेतो. त्याचं फ्रेमवर्क, म्हणजे तयार सांगाडा, आधी प्रोग्रामचे तीनशेच्या तीनशे घटक तयार करतं, एकमेकांना जोडतं, मगच हलतं. एक जण बाहेर निघणार, म्हणून सगळ्या घराने आंघोळी उरकायच्या, तसलं हे.

६ मार्च
एक ओळ बदलली: कुणी मागेल तेव्हाच घटक तयार व्हावा. नऊ सेकंद! साहेबांनी चारचौघांत पाठ थोपटली. दाजी तर असे मिरवत होते, जणू प्रोग्राम त्यांनीच लिहिलाय.

९ मार्च
फिटर पिंजऱ्यात शिरला आणि रोबो थांबला नाही. हात कोपरापासून तुटला. रक्ताने माखलेला पत्रा उचलून रोबो पुढचं काम करत राहिला. सगळे म्हणतात पिंजऱ्याच्या दाराची कडी बिघडली. कडी बदलून दुपारी काम पुन्हा सुरू.
मी लॉग, म्हणजे प्रोग्रामने स्वतः ठेवलेली नोंद, पाहिला. माणूस आत आला की रोबो थांबवणारा 'पहारेकरी' घटक त्यात नाहीच. तो आपला आपण लक्ष ठेवून असतो, त्याला कुणी मागत नाही. म्हणून तयारच झाला नाही. बोललो तर नोकरी जाईल, दाजींची मान खाली जाईल. गुपचूप दुरुस्त करतो.

१० मार्च
पहारेकरी सुरुवातीलाच तयार केला. लॉगमध्ये नाव दिसलं, हायसं वाटलं. स्वतः आत पाऊल टाकून पाहायचा धीर झाला नाही. दाजींना म्हणालो, चार दिवस आत जाऊ नका. हसले. "तू बसलायस ना वर, मग भीती कसली?"

११ मार्च, दुपार
पहारेकरी जागा — पण दारावरचा सेन्सर वाचणारा घटक झोपलेलाच. आंधळा पहारेकरी. कळलं तसा जिना उतरत धावलो —
दाजी रोबोच्या चिमट्यात. बरगड्यांत. भिंतीवर आपटले. पुन्हा. लाल बटण दाबेपर्यंत चार वेळा —

११ मार्च, संध्याकाळ
दाजी गेले. हात धुतले. नखांत अजून — साहेब म्हणाले, कडीच असणार. मी मान हलवली.
ताई समोर बसलीय. रडत नाही. 'आत जाऊ नका' हे माझं बोलणं दाजींनी काल तिला हसत सांगितलं होतं. एकच विचारते. "तुला आधीच माहीत होतं का रे?"
उत्तर इथे लिहितोय, वही तिच्यापुढे सरकवीन.
ताई, मला नऊ तारखेलाच —