रीना आत, हेल्मेट बाहेर

ओनो साहेब,

रायपूरच्या तेलीबांध्यावरून रीनाच्या आईचा जयभीम.

तुम्ही जपानात बुलेट गाडीची लाइन पुढं नेऊन राहिले, त्या कामावर माझी पोट्टी तुमच्या हाताखाली इंजिनीअर आहे. आम्ही रायपूरहून एवढ्या दूर आलो, तरी तुम्ही तिले सुट्टी देली नाही. मंग आम्ही नवरा-बायकोच फिरायले निघालो. वाटेत ती काम करते त्या स्टेशनावर गाडी मिनिटभर थांबणार होती.

आमच्याकडे गाडीतल्या नातेवाइकाले भेटायले लोक प्लॅटफॉर्मवर येतात. गाडी हलली तरी खिडकी धरून सोबत चालत बोलतात. तशी रीना आली. मी दारातून बेसनाच्या कुरकुरीत ठेठरीचा डबा देला, हात धरून जवळ ओढलं अन् म्हटलं, "काहून एवढी वाळली वं?" तेवढ्यात दार बंद! पोट्टी गाडीत अन् तिचं हेल्मेट प्लॅटफॉर्मवर.

पुढच्या स्टेशनापर्यंत ती रडली, हसली, अर्धा डबा खाल्ला. तुम्ही तिले लय रागावले म्हणे. तिची काहीच चूक नाही. दार असं आपोआप लागते, हे मले मालूमच नव्हतं. (आमचे हे जनमभर रेल्वेत गार्ड होते. हे वाक्य वाचून खोकलून राहिले.)

रीनाले फोनवर म्हटलं, हे जपानीत लिहून दे. ती म्हणते, "मम्मी, रहने दो, मेरी नौकरी जाएगी." म्हणून पत्र घरीच आहे.

तरी एक विनंती. लाइन वाढवूनच राहिले, तर तिच्या स्टेशनाच्या पुढचं स्टेशन जरा दूर बांधजा.

रीनाची आई,
शोभाबाई गजभिये