सखूच्या डोक्यावरचा दिवा

४ सप्टेंबर

कमूच्या शेंड्यावर एक पान पिवळं पडलेलं. उन्हाने असेल म्हणून ओढलं तर अलगद हातात आलं. खाली फुलात काळे दाणे, मोहरीएवढेही नाहीत. टूथपिकने फूल फाकवलं. आत अळी. हिरवी, गलेलठ्ठ, मजेत. आधी किळस आली, मग राग. एवढा राग जुलैतसुद्धा आला नव्हता.

रेवतीने ही तीन झाडं मेमध्ये लावली. केमोनंतर पायांत आग व्हायची, त्यावर तेल करायचं म्हणून. नावं आपल्या मावश्यांची दिली: यमू, कमू, सखू. म्हटलं, अगं, सख्ख्या मावश्यांना गांजाची झाडं केलंस? तर म्हणे, "खूश होतील त्या." आणि म्हणाली होती, "फुलं धरेपर्यंत तरी मी आहे."

फुलं आत्ता धरली. रे. जुलैत गेली.

झाडं काढणीपर्यंत न्यायची, एवढं एकच काम तिने मागे ठेवलंय. ते माझ्या हातून बिघडता कामा नये.

५ सप्टेंबर

सकाळी सव्वासहा, बाहेर अंधार. नाशिकहून आईंचा, म्हणजे रे.च्या आईंचा, रोजचा व्हिडिओ कॉल. "अभयराव, दिवा आहे ना?" फोन फिरवून दाखवला. शेडच्या भिंतीवर बल्ब, खाली रे.ची खुर्ची, खुर्चीला लागून सखू. जुलैपासून रात्रंदिवस चालू आहे. आधी समई लावून पाहिली. बाहेर वारा टिकू देईना, घरात स्मोक अलार्म बोंबलला. मग बल्ब.

आईंना व्हिसा वेळेत मिळाला नाही. सगळं फोनवर पाहिलं त्यांनी. "परक्या गावात गेली हो माझी पोर. वाट चुकेल. दिवा असू द्या." माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण त्या माउलीला नाही म्हणायला तोंड कुठलं आणू?

बल्बपाशी तपकिरी पाखरू बसलं होतं. "आली बघा," म्हणाल्या. रडल्या, पण हलक्या झाल्या. पाखरू रोज असतं. तेच की दुसरं, देव जाणे. मीही बघतो आता. दिसलं नाही तर ऑफिसात दिवसभर चित्त थाऱ्यावर नसतं. कुणाला सांगणार हे?

फोन ठेवता ठेवता: "अंबाडी झकास आलीय तुमची. भाजी करा की." गांजा आहे हे सांगायची हिंमत नाही, बरं म्हटलं.

७ सप्टेंबर, रवि.

शेजारच्या योसने कुंपणावरून पाहिलं. सत्तरी उलटलेला डच म्हातारा, जन्म या बेस्ट गावातच गेला, बागेपलीकडे जग नाही. फवारायला काही आणू का विचारलं तर डाफरला. "फुलावर? जे पोटात जायचं त्यावर? हाताने वेच, बुर्मान." मी त्याचा बुर्मान, शेजारी. इथे आल्यापासून नावाने हाक मारलेली नाही.

रे.चा भुवयांचा चिमटा घेऊन बसलो. कमूवर सात-आठ, यमूवर दोन. सखूवर नाहीतच, तिला फुलंच नाहीत अजून. नाकी नऊ आले. एक सापडली की वाटतं झालं, आणि शेजारच्याच फुलात परत काळे दाणे.

चिरडवेना. जॅमच्या बरणीत टाकल्या, तळाला माती, वर पानं घातली, झाकणाला भोकं पाडली. रे. म्हणाली असती, गाढवा, अळ्यांचं पाळणाघर काढलंस? आम्हाला मूल नव्हतं. हा विनोद फक्त तिलाच करता आला असता.

९ सप्टें.

बरणीत एकच उरलीय. बाकीच्या मेलेल्या पडल्या असतील म्हणून पानं उलटून पाहिली. नाहीत. झाकण तर घट्ट.

योस सहज म्हणाला, "खातात एकमेकांना. माहीत नव्हतं तुला?"

उरलेली चांगली पोसलीय. फेकून द्यावी म्हणून हिरव्या क्लिकोपर्यंत, बाहेरच्या कचरापेटीपर्यंत गेलो, टाकवेना, परत आणली. बरणी रे.च्या खोलीच्या खिडकीत.

१२ सप्टें.

दोन दिवस पाऊस. झाडांचा वास घरभर. तिच्या तेलाचाही हाच वास होता. ऑफिसातून आलो, दार उघडलं आणि तोंडातून गेलं, "रे, जेवलीस?" चपला हातात घेऊन उभा राहिलो. उत्तर येईल असं खरंच वाटलं. आलं नाही याचा राग आला.

अळी उरलीय का बघायला खोलीत गेलो. नाही. बरणीतल्या मातीत शिरली. कोश करत असणार.

१३ सप्टें., शनि.

कमूच्या तीन फुलांत करडी बुरशी. अळीने पोखरलं, त्यात पाणी शिरलं, झालं. योसने कात्री आणून सडलेलं सगळं कापलं. मला कापवत नव्हतं. निम्मी कमू गेली.

मग तो बल्बकडे बघत बसला. "हा रात्रभर असतो?" हो म्हटलं. "का?" काय सांगणार? म्हटलं, बायकोसाठी. त्याने कात्री खिशात ठेवली. मग बोट दाखवून एकेक सांगितलं. उजेडाला पाखरं येतात. पाखरं फुलांत अंडी घालतात. त्याच अंड्यांच्या या अळ्या. आणि सखूला फुलं का नाहीत? या झाडाला रात्र मोठी झालेली कळली की फुलं धरतात. हिच्या डोक्यावर तर रात्रच होत नाही.

"तिला वाटतंय अजून जूनच आहे," म्हणाला.

जूनमध्ये रे. त्या खुर्चीत बसायची.

१४ सप्टें.

दिवा चालू ठेवला तर झाडं जातात. बंद केला तर आई. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आणि खरं लिहायचं तर आईंचं नाव पुढे करतोय. त्या खुर्चीवर अंधार मलाच बघवणार नाही.

सकाळी पाखरू होतं. आईंनी नमस्कार केला त्याला. मी त्याच्या पोटाकडे बघत होतो, अंडी असतील का म्हणून. रे.कडे बघावं आणि मनात असलं यावं. शी.

१६ सप्टें.

बंद केला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून खुर्ची दिसत नाही आता. दिसत नाही तर तिथे कोणी बसलेलं आहे असं जास्त वाटतं. पडदा ओढला. मग वाटलं, तिच्या तोंडावर ओढला. परत उघडला.

१७ सप्टें.

कॉलच्या आधी पाच मिनिटं दिवा लावला, कॉल संपल्यावर घालवला. आईंना कळलं नाही. चोराच्या मनात चांदणं, तेवढ्यासाठी मी दोनदा बोललो, "चालूच असतो हो आई, चालूच असतो."

"पाखरू नाही आज?"

येईल म्हटलं.

२० सप्टें.

पाखरू नाही. काल नाही, परवाही नाही. कमूवरही नवे काळे दाणे नाहीत. योसचं बरोबर निघालं. आनंद व्हायला हवा.

आई आज विचारत होत्या, "रागावली का हो माझ्यावर? मी आले नाही म्हणून?" आवाज अगदी बारीक. मी वारा, थंडी, हवामान असलं काहीबाही बोललो. रे.चे बाबा मागून म्हणाले, दोन दिवस ताट तसंच परत जातंय.

झाडं वाचवायला आईंना मारतोय मी.

२२ सप्टें.

नाशिकला घट बसले. आईंच्या मागे देवघरात नंदादीप. नेमकं आजच सांगायचं होतं? पण उद्यावर ढकललं असतं तर दसरा आला असता. सांगितलं. दिवा मी घालवलाय, तुमच्या कॉलपुरता लावतो, पाखरू म्हणून येत नाही. झाडांचं सगळं सांगितलं, फक्त अंबाडीच म्हणत राहिलो. अळ्यांचंही.

फोन आईंच्या हातातून कलला, नुसता पंखा दिसत राहिला. मग बंद झाला.

२३ सप्टें.

कॉल नाही. सव्वासहापासून फोन पुढ्यात घेऊन बसलो. सात, सव्वासात. ऑफिसला गेलो. सायकलवर सगळी वाट पाठीमागे कोणीतरी कॅरियरवर बसल्यासारखं जड. टायरमध्ये हवा कमी होती. हवा भरली तरी जडच.

२४ सप्टें.

आईंचा फोन. व्हिडिओ नाही, साधा.

"अभयराव, लहानपणी ती डोळ्यांवर उशी घेऊन झोपायची. देवघरातला दिवासुद्धा सोसायचा नाही तिला. फटीतून उजेड आला तरी ओरडायची, आई, दार लाव. मीच विसरले बघा. आई असून विसरले."

मलाही माहीत होतं की! शेवटचे आठवडे मी पॅसेजमधला लाइट ठेवायचो, मला भीती वाटायची म्हणून. ती म्हणायची, "बंद कर ना, अभय."

"दोन महिने झोपू दिलं नाही आपण तिला," आई म्हणाल्या. दोघंही रडलो. चांगलं मोठ्याने. योसकडे ऐकू गेलं असणार, जाऊ दे.

शेवटी: "आणि अंबाडी अंबाडी काय करता, भांग आहे ती. मला कळत नाही होय? तिनेच सांगितलं होतं. म्हटलं जावईबापू कधी बोलतात बघू."

आज आई पोटभर जेवल्या. बाबांनी मेसेज केला.

२८ सप्टें., रवि.

यमू कापली. फांद्या शेडमध्ये उलट्या टांगल्या. कमूचं जे उरलंय ते पुढच्या आठवड्यात. योस म्हणाला, पहिल्या वर्षाच्या मानाने बरं आहे. त्याच्या तोंडून हे म्हणजे पदकच.

आणि सखू! शेंड्याला फुलाचे पांढरे केस फुटलेत, चार-पाच. आईंना फोटो पाठवला. उलट आलं, "म्हातारी झाली सखूमावशी." योसने मान हलवली. फार उशीर झालाय, पाऊस-थंडी गाठणार, पाच-सहा आठवडे निघायला हवेत. सखू संपवायला एक अळी पुरे, म्हणाला.

पण अंधारात खुर्ची आता तेवढी भिववत नाही. काल जाऊन बसलोसुद्धा. उशीचा खळगा अजून तिच्याच मापाचा आहे. मी कडेला बसलो.

४ ऑक्टो., शनि.

सव्वासहाच्या कॉलआधी खिडकी उघडायला रे.च्या खोलीत गेलो. बरणीत पाखरू.

तपकिरी. पंख अजून चुरगळलेले. मातीत शिरलेली ती एक, बाकी सगळ्यांना खाऊन उरलेली. विसरलोच होतो मी. भुतावर विश्वास नाही, नाही, नाही. तरी आधी तिचं नाव घेतलं, मग झाकण तपासलं.

आईंचा कॉल आला तेव्हा बरणी हातातच. दाखवली. चष्मा चढवून जवळ आल्या.

"घरातच आली होय?" म्हणाल्या.

म्हटलं, आई, ही अळी होती. कमू हिनेच खाल्ली. उरलेली कमूही कापून झाली, हिला सोडलं तर बाहेर फुलातली एकटी सखू आहे. थेट तिच्यावर जाईल.

"मग?"

मग काय, तेच तर विचारत होतो.

आई म्हणाल्या, "मी सांगणार नाही. दिव्याचं मी सांगितलं, त्याचं काय झालं पाहिलंत. तुमची बायको, तुमची झाडं." आणि मग, "पण बरणीत नका हो ठेवू."

कॉल संपून तास उलटला. उजाडलंय. पाऊस नाही. खिडकीतून सखू दिसते, पांढरे केस वाढलेत.

झाकण काढलं. बरणी खिडकीच्या कट्ट्यावर, मी शेजारी. पाखरू काठापर्यंत चढलं आणि तिथेच बसलंय. पंख वाळायला वेळ लागतो म्हणे. झाकण माझ्या हातात आहे. अजून लावता येईल.