पहिल्यांदा नकोच म्हणतात

आई, तुला जयभीम, आणि पत्र वाचून दाखवणाऱ्या आदर्शला पण.

मी बरी आहे. विद्यानगरची खोली हवेशीर आहे, जेवणही वेळेवर होतं.

आमच्या ऑफिसात नवा शहाणपणा निघालाय. एचआरच्या मॅडमनी कंप्यूटरवर सगळ्यांचे स्वभाव तपासले. जसा स्वभाव, तसं बक्षीस म्हणे! त्यात प्रश्न होता, "चांगल्या कामाबद्दल काय हवं?" मी लिहिलं, "काही नको." आपल्यात पहिल्यांदा नकोच म्हणतात ना? समोरच्यानं आग्रह केला की मग ताट पुढं करायचं. त्या डबड्याला आग्रह कुठून माहीत असणार!

शेजारच्या खुर्चीतला सारंग दिवसभर चहा पीत गप्पा हाणतो. त्यानं "पगारवाढ" लिहिलं. तो महत्त्वाकांक्षी ठरला आणि त्याला वाढ मिळाली. मी समाधानी ठरले. समाधानी माणसाला कौतुक पुरतं, म्हणून लिफ्टशेजारी माझा फोटो लावलाय, खाली 'आमची गुणी रोशनी'. वर मॅडम विचारतात, "खूश ना?" मी "हौ" म्हणाले. एवढं शिकून यांना माणसाला दुसऱ्यांदा विचारता येत नाही. कीव येते.

वाढ मिळाली असती तर तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन लगेच केलं असतं. आता थोडं लांबेल, पण करूच.

परवा फोनवर विचारलं, तर म्हणालीस, "मला बरं दिसतंय, काही नको." मी कंप्यूटर नाही, आई. दुसऱ्यांदा विचारते. खरंच दिसतं का गं?

तुझी, अजिबात समाधानी नसलेली,
रोशनी