राजाचं कुबड

प्रिय बाबा,

लंडनमध्ये मी मजेत आहे, जेवणही वेळेवर होतं. आमच्या नाटकातल्या राजा तिसऱ्या रिचर्डच्या पोशाखात आता मला कुबड शिवावं लागत नाही. खऱ्या राजाची हाडं जमिनीखाली सापडल्यापासून दिग्दर्शक म्हणतात, "पाठ वाकडी होती, पण कुबड नव्हतं. काढून टाक." तुम्ही म्हणालच, "मी सांगत नव्हतो?" घ्या, तुमचा राजा पाठीपुरता तरी निर्दोष सुटला.

तुमची पाठ कशी आहे? यंदाही राजाच्या मृत्युदिनी त्याच्या घराण्याचे पांढरे गुलाब घेऊन त्याच्या मिडलहॅमच्या किल्ल्यात जाणार असाल, तर काठी विसरू नका.

एक विचारते, रागावू नका. ज्यांची गादी त्याने घेतली, ते त्याचे दोन लहान पुतणे त्याच्याच राज्यात नाहीसे झाले. त्यांच्यासाठी कधी एखादं फूल नेलंत का?

तुमची हट्टी लेक,
हेस्टर